ज्वारीचं शहाणपण सोयाबीनला

पत्र थोडक्यात असं आहे. धाराशिव जिल्ह्यातली एक वाचक. साडेतीन एकर कोरडवाहू रान, त्यातलं दोन एकर मध्यम, दीड एकर ओढ्याकडेचं भारी. नवरा पुण्यात कंपनीत. शेती बघतात त्या आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात, वय सत्तरीपुढचं. आबा दरवर्षी ज्वारीचं बी रात्रभर भिजवून पेरतात आणि त्यांची ज्वारी शेजाऱ्याच्या आधी वर येते, हे या ताई दहा वर्षं बघत आल्या. गेल्या जूनमध्ये पाऊस ओढ देणार असं दिसलं, तेव्हा तोच उपाय त्यांनी सोयाबीनला केला. एका एकराचं बी रात्रभर पाण्यात. निम्म्याहून जास्त उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली आणि ‘शिकल्या सुनेनं बी कुजवलं’ हे भावकीत झालं. आता रब्बीची पेरणी तोंडावर आली आहे. दुकानदार एक बाटली देतोय: बियाणाला चोळा, पाऊस नसला तरी पीक तगेल, एकरी साडेसहाशे रुपये. आबा म्हणतात, साध्या पाण्यात भिजव. नवऱ्याने फोनवर व्हिडिओ पाठवलाय, त्यात खताच्या पाण्यात बी भिजवायला सांगितलंय. ताई विचारतात, यातलं कुणाचं ऐकू? का काहीच न करता पेरू? यंदा फसलं तर रान बटईने देऊन टाकतो, असं आबा म्हणालेत.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिघांपैकी कुणाचं ऐकू, हा तुमचा प्रश्न. त्याआधी मला तुमच्या पत्रातला एक शब्द धरून बोलायचंय: ‘तगेल’. दुकानदाराने तो वापरला आणि पत्राच्या शेवटी तुम्हीही वापरलात. पाऊस नसला तरी पीक तगेल, असं काही बियाणाला लावता किंवा पाजता येतं का?

नाही येत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. बी भिजवा, चोळा, लेप द्या, त्याचा जोर पेरणीपासून पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच कामी येतो. बी लवकर फुटतं, एकसारखं उगवतं, मूळ लवकर खाली उतरतं, कोवळं रोप बुरशीच्या आणि खोडमाशीच्या तावडीतून सुटतं. हे थोडं नाही. कोरडवाहूत एकरी ताटं, म्हणजे उभी रोपं, किती राहणार ते पहिल्या दहा दिवसांत ठरतं आणि नंतर काहीही केलं तरी ती संख्या वाढत नाही. पण जानेवारीत कणसात दाणा भरताना जमिनीत ओल उरलेली नसेल, तर सप्टेंबरात बियाणाला काय लावलं होतं याचा तिथे काही उपयोग होत नाही. २०२३चा ऑगस्ट आठवत असेल तुम्हाला. देशात १९०१पासूनचा तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता. आपल्याकडचं सोयाबीन तेव्हा फुलात आलेलं. पेरताना बीजप्रक्रिया केली होती की नाही, हे त्या महिन्यात कुणी कुणाला विचारत नव्हतं.

म्हणून बाटली घ्यायची की बादली, हे ठरवायच्या आधी तुम्हाला भीती कुठल्या ताणाची आहे ते ठरवा. पेरणी झाली आणि वरची ओल उडाली, बी फुटायच्या आतच माती कोरडी पडली, ही भीती असेल तर बीजप्रक्रिया तुमच्या कामाची आहे, आणि तीही बरीच. पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) किंवा दाणे भरताना पडणाऱ्या ताणाची भीती असेल, तर तिचं उत्तर बियाणात नाही, रानात आहे. त्यावर पुढे येतो. आधी सोयाबीनबद्दल बोलू, कारण ते तुमच्या मनातून गेलेलं नाही हे पत्रावरून दिसतंय.

सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं आणि अंकुराचं मूळ त्या टरफलाच्या अगदी खालीच असतं. म्हणून तर सोयाबीनच्या बियाणाचं पोतं आपटू नका, उंचावरून टाकू नका, असं सांगतात. असा कोरडा दाणा एकदम पाण्यात बुडवला की पाणी इतक्या झपाट्याने आत शिरतं, की आतल्या पेशींचे पडदे फाटतात. दाण्यातली साखर, प्रथिनं बाहेर झिरपतात. सकाळी बादलीतलं पाणी गढूळ, चिकट, थोडं फेसाळ झालं होतं का, आठवून बघा. झालं असणार. वर रात्रभर बुडून राहिल्यामुळे दाण्याला हवा मिळाली नाही. मळणीयंत्रातून निघालेलं घरचं बी असेल तर त्याला आधीच बारीक चिरा असतात, मग तर बघायलाच नको. असा दाणा जमिनीत पडला की झिरपलेल्या साखरेवर बुरशी तुटून पडते. उकरून पाहिलं असेल तर दाणा बुळबुळीत, वास मारणारा निघाला असेल.

ज्वारीचा दाणा वेगळा. लहान, कठीण, बहुतेक पिठाचा. तो सावकाश पाणी पितो आणि भिजवणं सोसतो. आबांचं ज्ञान खरं आहे, फक्त ते ज्वारीचं आहे. त्यांच्या उमेदीत शिवारात ज्वारी, करडई, जवस, हुलगा होता. सोयाबीन त्यांच्या हातात उतारवयात आलं. त्यांनी सोयाबीन कधी भिजवलं नव्हतं आणि तुम्हाला भिजव म्हणालेही नव्हते, असं पत्रावरून वाटतं. तुम्ही ज्वारीचं शहाणपण उचलून सोयाबीनला लावलंत. चूक झाली ती तेवढीच, आणि ती भल्याभल्यांकडून होते. भुईमुगाच्या शेंगदाण्यालाही हीच काळजी घ्यावी लागते. ही दोन्ही बियाणं कोरडीच, हलक्या हाताने, औषध चोळून पेरायची. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायचं, इतकाच त्याचा ‘दुष्काळी’ उपाय. ज्यांनी गेल्या हंगामात व्हिडिओ पाहून सोयाबीन भिजवलं आणि लाजेने कुणाला सांगितलं नाही, त्यांनीही हे वाचावं. मला अशी आणखी दोन पत्रं आलेली आहेत.

आता ज्वारी. आबांचं भिजवणं ही गावंढळ समजूत आहे असं तुमच्या नवऱ्याला वाटतंय का? तसा सूर पत्रात ऐकू आला. तर त्यांना सांगा, की वेल्समधल्या बँगर विद्यापीठाचे डेव्ह हॅरिस आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकात राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू आदिवासी पट्ट्यात शेतकऱ्यांबरोबर नेमकं हेच करून बघत होते. रात्रभर साध्या पाण्यात बी भिजवायचं, वरचं पाणी सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पुढे बांगलादेशातल्या बारिंद भागात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा घेणाऱ्यांनीही ते उचललं. औषध नाही, बाटली नाही, खर्च नाही.

त्यातली गोम अशी. कोरड्या दाण्यात ओल असते दहा-बारा टक्के. तो पाण्यात पडला की आधी भराभर पाणी पितो, मग काही तास बाहेरून सुस्त दिसतो. आत मात्र त्याचं घर जागं झालेलं असतं: पिठाची साखर करणारी विकरं कामाला लागतात, साठवणीत झालेली मोडतोड दुरुस्त होते. त्यानंतर मूळ बाहेर डोकावतं. मूळ बाहेर पडायच्या आधी दाणा पाण्यातून काढून सुकवला, तर जागं झालेलं घर तसंच राहतं आणि जमिनीतली ओल लागताच ते पुढचं काम लगेच सुरू करतं. साधं बी जे पाणी जमिनीतून प्यायला दिवस-दीड दिवस घालवतं, ते तुमचं बी घरूनच पिऊन गेलेलं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात वरची ओल रोज खाली सरकत असते, तिथे हा दीड दिवस मोलाचा. पण मूळ डोकावल्यावर दाणा सुकवला, तर ते मूळ मरतं. म्हणजे सगळा खेळ ‘किती तास’ यावर आहे.

ज्वारीला साधारण आठ ते दहा तास पुरतात. पण दुसऱ्याचे तास आपल्या बियाणाला लागू पडतीलच असं नाही. घरचं बी, त्याचं वय, पाण्याचा गारवा यावर ते बदलतं. म्हणून पेरणीच्या आठवडाभर आधी घरीच बघा. चार वाट्या घ्या. प्रत्येकीत मूठभर बी. एक सहा तास भिजवा, एक आठ, एक दहा, एक बारा. बाहेर काढून सुती कापडावर वरचं पाणी टिपून घ्या आणि कापडातच सैल गुंडाळून चोवीस तास ठेवा. ज्या वाटीतल्या बियाणाने जमीन न लागताच मोड काढले, ते तास जास्त झाले. त्याच्या खालची वेळ तुमची. हरभऱ्याचंही असंच बघता येतं, तिथे आठ तासांच्या पुढे जायचं कारण नाही.

आणि एक गोष्ट आबांना माहीत असणार, पण त्यांनी ती शब्दांत सांगितली नसेल. भिजवलेलं बी ओल्या रानातच पेरायचं. धूळपेरणी करायची असेल, पाऊस येईल या आशेवर कोरड्यात टाकायचं असेल, तर बी भिजवायचंच नाही. जागा झालेला दाणा कोरड्या मातीत पडून राहू शकत नाही. अर्ध्या ओलीत तर त्याहून वाईट. फुटतं आणि वाळतं. वीतभर खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि हातातून सोडल्यावर ढेकळासारखा फुटला, तर पेरा. वळतच नसेल तर पेरणीही नको आणि भिजवणंही नको, हस्ताचा पाऊस पडतोय का बघा. हस्त बरसला नाही तर हरभरा किंवा करडईचा विचार करावा लागेल, पण तो वेगळा विषय.

नवऱ्याच्या व्हिडिओतलं खत कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. बहुधा फवारणीचं शून्य-बावन्न-चौतीस असावं, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. हा प्रकार खोटा नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठ ज्वारीसाठी त्याच्या दोन टक्क्यांच्या पाण्यात सोळा तास भिजवून पुन्हा पहिल्याइतकं सुकवायला सांगतं. पाणी मोजून, किलोला साडेतीनशे मिली. दोन टक्के म्हणजे लिटरला वीस ग्रॅम. इथे ‘मूठभर’ चालत नाही, काटा लागतो. खारं पाणी जास्त झालं की दाणा पाणी पिण्याऐवजी भाजतो. सोळा तास हे त्या मोजक्या पाण्यासाठी आहेत, बादलीभर पाण्यासाठी नाहीत. आणि ‘पोटॅश’ म्हणून कुणी लाल म्युरेट ऑफ पोटॅशची मूठ बादलीत टाकू नका. खरं सांगायचं तर एकराला चार किलो बी लागतं. गेल्या जूननंतर पहिलाच प्रयोग करताना साधं पाणी पुरे. खताचं पाणी पुढच्या वर्षी दोन तासांवर करून बघा (तास म्हणजे ओळ, घड्याळाचा नव्हे).

भिजवून काढलेलं बी सावलीत, बारदानावर पातळ पसरा. उन्हात नको. पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) चाड्यातून मोकळं सुटेल इतकं सुकलं की झालं. भिजलेलं बी थोडं फुगलेलं असतं, नळ्यातून कमी पडतं. मूठ त्या हिशेबाने धरा, नाहीतर ताटं विरळ होतात आणि दोष भिजवण्यावर येतो.

इथेच एक मोठी चूक होते, आणि ती सुशिक्षित घरांत जास्त होते. पिशवीतलं विकतचं बी लाल, निळं, हिरवं दिसतं ना? ते औषध लावलेलं असतं. ते भिजवलं की औषध धुऊन पाण्यात जातं, बी उघडं पडतं आणि बादलीत विष तयार होतं. ते पाणी कुणी गोठ्याकडे ओतलं, शेळीने तोंड घातलं, तर? रंगीत बी भिजवायचं नाही. भिजवायचं ते घरचं, काही न लावलेलं. आणि औषध लावलेलं उरलं तर ते कोंबड्यांना टाकायचं नाही, दळायचं तर नाहीच.

क्रम असा: आधी भिजवणं, मग सुकवणं, मग औषध, आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू. ज्वारीच्या काणीसाठी ३०० मेश गंधक किलोला चार ग्रॅम. एकराच्या चार किलो बियाणाला सोळा ग्रॅम, म्हणजे चहाच्या पैशांत. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघते ती या एका कामाने थांबते, आणि हे काम अजून बरेच जण करत नाहीत. खोडमाशीचा त्रास तुमच्याकडे असतो, पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा कोंब, पिवळा पडून ओढला की हातात येतो. उशिरा पेरलेल्या ज्वारीत जास्त. त्यासाठी थायामेथोक्झाम लेबलवर दिलेल्या मात्रेने, हातमोजे घालून चोळा. ते सुकलं की ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला पंचवीस ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने. सावलीत अर्धा-पाऊण तास आणि मग सरळ रानात. जिवाणू जिवंत आहेत हे विसरू नका. ऊन, रासायनिक खत आणि मुदत संपलेलं पाकीट, या तिन्हींनी ते मरतात. तालुक्याच्या ठिकाणी काचेच्या दारामागे उन्हात ठेवलेली पाकिटं मी पाहिलीत. तसलं घेतलं तर ती नुसती माती असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात द्रवरूप जिवाणू आणि ‘बायोमिक्स’ मिळतं, कुणी त्या बाजूला जाणार असेल तर मागवा. हरभऱ्याला रायझोबियम हरभऱ्याचंच घ्या. सोयाबीनचं उरलेलं पाकीट त्याच्या मुळांवर गाठी आणत नाही. हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा.

बीजामृतवाले वाचक विचारतीलच. वीस लिटर पाणी, पाच किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम चुना, बांधावरची मूठभर माती, असं सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत सांगतात. ज्वारी-हरभऱ्याला खुशाल लावा. सोयाबीनवर शिंपडून हलकेच हलवा, त्यात बुडवू नका. कारण वर सांगितलं तेच.

आता बाटली. ती घेऊच नका असं मी म्हणणार नाही, कारण तिच्यात काय आहे ते मला माहीत नाही. आणि खरी अडचण हीच आहे, की ते तुम्हालाही माहीत नाही. समुद्री शेवाळाचा अर्क असेल, ह्युमिक आम्ल असेल, अमिनो आम्लं असतील. यांचा उगवणीला, मुळांना थोडाफार हातभार लागतो. जैव उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. म्हणजे बाटलीवर घटक, त्यांचं प्रमाण, कुठल्या पिकाला किती, बनवल्याची तारीख, हे सगळं छापलेलं असायला हवं. लेबलावर तुमच्या पिकाचं नावच नसेल आणि ‘सर्व पिकांसाठी’ एवढंच असेल, तर बाटली परत ठेवा. दुकानदाराला पक्कं बिल मागा आणि म्हणा, पाऊस नसला तरी तगेल हे बिलावर लिहून द्या. तो हसेल. ते हसू नीट बघून घ्या.

साडेसहाशे गुणिले साडेतीन, म्हणजे तेवीसशे रुपयांच्या आसपास. तेवढ्या पैशांत काय होतं, ते सांगतो, कारण इथे दुसऱ्या ताणाचा प्रश्न येतो.

रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, साठवणीवर येते. हस्त-चित्रा सरल्या की आभाळातून फारसं काही मिळत नाही. त्यानंतर साडेतीन-चार महिने पीक जमिनीत मुरलेलं पाणी पीत खाली-खाली उतरतं. साठवण किती, हे रानाच्या खोलीवर ठरतं, आणि खोलीप्रमाणे वाण निवडणं कुठल्याही लेपापेक्षा मोठं काम करतं. तुमच्या दोन एकर मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी ३५-१ बरी. (मालदांडी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली, तिची भाकरी सोडवत नाही म्हणून ती टिकली, असं माझं मत.) ओढ्याकडच्या भारी दीड एकरात फुले वसुधा, फुले यशोदा, परभणी मोती. हलकं रान असलेल्या वाचकांनी फुले अनुराधा किंवा फुले माऊली बघावी. हलक्या रानात भारी रानाचा, उशिरा येणारा वाण पेरला की तो कणीस भरायच्या वेळेलाच तहानेने मरतो, आणि आपण म्हणतो यंदा पाऊस नव्हता.

पेरणी पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर, त्यातही ओल हातात असेल तर लवकर. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, रोपात १५. उगवल्यावर विरळणी करायचीच. हिरवंगार दाट दिसणारं रान बघून जीव होत नाही उपटायला, मला ठाऊक आहे. पण दाट ताटं डिसेंबरातच साठवण पिऊन संपवतात. मग बुंध्यात खडखड्या येतो, ताट वाऱ्याने कोसळतं आणि चिरलं तर आत काळी भुकटी लागलेले सुटे धागे दिसतात. त्या रोगाला ताण पडलेलं पीकच लागतं. बियाणाला लावलेलं औषध तोपर्यंत कधीच संपलेलं असतं.

आणि कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आबांनी तुम्हाला शंभरदा ऐकवलं असेल. तिसऱ्या आठवड्यात, पाचव्यात, आणि आठव्यात दातेरी कोळपं. आठव्या आठवड्यातलं बहुतेक जण सोडतात, कारण तोवर तण राहिलेलं नसतं. पण ते तणासाठी नसतंच. काळ्या रानाला भेगा पडायला लागलेल्या असतात आणि वाफ त्या भेगांतून उडत असते. दातेरी कोळप्याने त्या बुजतात. बाटलीचे तेवीसशे रुपये मी या तिसऱ्या कोळपणीच्या मजुरीवर घालीन. पुढच्या वर्षी जुलैतच रब्बीच्या रानात उताराला आडवे लहान वाफे पाडून ठेवता आले, तर पाऊस जिथे पडतो तिथेच मुरेल. यंदासाठी ते आता उशिराचं.

उगवणीची एक चाचणी मात्र आजच करा. बी भिजवण्याआधी, काहीही लावण्याआधी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा, गुंडाळा, ओलसर ठेवा, पाच-सहा दिवसांनी मोजा. नव्वद आले तर उत्तम. सत्तर आले तर बी वाढवा. पन्नास आले तर ते बी दळायला द्या. कुठलीही बाटली किंवा बादली मेलेल्या दाण्याला उठवत नाही. जूनमध्ये ही चाचणी केली असतीत, तर निम्मं बी पाण्याने मारलं की आधीच मेलेलं होतं, हे तरी कळलं असतं. आज ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच सगळा दोष तुमच्यावर घेऊ नका.

राहिली बटईची गोष्ट. आबांना राग सोयाबीनचा आहे की न विचारता केल्याचा, हे मला इथून कळणार नाही, तुम्हाला कळेल. पण मार्ग मला एकच दिसतो, तो म्हणजे या पेरणीचं भिजवणं त्यांच्या हातात द्यायचं. ‘आबा, किती वेळ भिजवायचं, ते तुम्ही दाखवा’ असं म्हणा. चार वाट्यांची परीक्षा त्यांच्यासमोर करा. त्यांचा अंदाज आणि तुमच्या वाट्या जवळपास एकाच वेळेवर येतील, असं मला वाटतं.

मात्र सगळं रान भिजवलेल्या बियाणाने पेरू नका. गेल्या जूनमध्ये एक एकर एका रात्रीत गेलं, कारण तुलनेला काहीच ठेवलं नव्हतं. मध्यम रानात चार तास, म्हणजे चार ओळी, न भिजवलेल्या बियाणाच्या टाका. औषध, जिवाणू दोन्हीकडे सारखंच. फरक फक्त भिजवण्याचा. सातव्या दिवशी दोरीने दहा-दहा फूट मोजून दोन्हीकडची रोपं मोजा, तीन-तीन ठिकाणी. विरळणीनंतर दहा फुटांत वीस रोपं राहायला हवीत. सातव्या दिवशी त्याहून जास्तच दिसायला हवीत. पाचव्या दिवशीही एक चक्कर मारा, कोणतं आधी वर आलं ते तेव्हाच दिसतं. महिन्याने पोंगे किती मेले तेही मोजून ठेवा. दुकानदाराची बाटली घ्यायचीच असली, तर तिचेही असेच चार तास, बाकी रानाला नाही. लहान बाटली मिळते का विचारा.

चार तासांच्या कडेला खुणेची काठी रोवा, पण साधे तास कोणते हे आबांना सांगू नका. सातव्या दिवशी दोरी त्यांच्याच हातात द्या.